जुन्या बोटीच्या बुडातला ट्रान्सड्यूसर आधी ओळखा, मग फिशफाइंडर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीहून अठरा फुटी जुनी फायबरची बोट घेऊन तुम्ही कोल्हापुरात आलात. ती राधानगरी आणि काळम्मावाडीच्या धरणांच्या पाण्यात चालवायची आहे. डॅशवरच्या जुन्या फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याची खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राची, स्क्रीन गेली आहे. बुडातून एक काळी केबल वर येते, म्हणजे ट्रान्सड्यूसर आहे, पण तो कोणाचा आणि किती फ्रिक्वेन्सीचा हे मागच्या मालकालाही सांगता येत नाही. सेट विकणारा म्हणतो, सगळंच नवीन टाका. तुम्हाला वाटतं, जुना चालत असेल तर बुडाला हात कशाला लावायचा. आणि तरीही नवीन सेट याच आठवड्यात घ्यायचा विचार आहे.

सेट घ्यायची घाई करू नका, एवढंच आधी सांगतो. फिशफाइंडर म्हणजे पडदा नव्हे. पाण्यात आवाज सोडणारा आणि परतलेला आवाज ऐकणारा तो खालचा तुकडा, म्हणजे ट्रान्सड्यूसर, हाच खरा फिशफाइंडर, वरचा डबा त्याने ऐकलेलं दाखवतो. त्यामुळे आधी खालचा ओळखायचा आणि त्याच्या मापाचा वरचा निवडायचा. उलटं केलं की महागडा सेट हातात येतो आणि त्यातली निम्मी बटणं कधीच वापरता येत नाहीत. कोकण किनाऱ्यावरच्या बोटींची ही कामं मी अनेक वर्षं केली, आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून धरणांवरच्या बोटींची करतो. लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते याच ठिकाणी.

ओळखायचं म्हणजे कंपनीचं नाव शोधून काढायचं, असं नाही. नाव कळलं तर उत्तम, नाही कळलं तरी काम अडत नाही. तुम्हाला कळायला हवं ते एवढंच: हा कुठल्या फ्रिक्वेन्सीला वाजतो, किती वॅट झेलतो, त्याच्या पोटात खोलीखेरीज तापमान किंवा वेगाचा सेन्सर आहे का, आणि बुडात तो कसा बसवला आहे. ही चार उत्तरं मिळाली की नवीन सेट त्याला जुळतो की नाही हे तुम्ही स्वतः सांगू शकता.

बोट आत्ता ट्रेलरवर आहे, हे तुमच्या फायद्याचं आहे. पाण्यात उतरवायच्या आधी बुडाखाली जाऊन बघा. मागच्या फळीला, इंजिनाच्या शेजारी, पाण्याच्या पातळीखाली एखादा चपटा प्लास्टिकचा तुकडा ब्रॅकेटवर लटकतोय का? असेल तर तो ट्रान्सम माउंट, आणि तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. चार स्क्रू काढले की तो हातात येतो. बुडाला आरपार भोक पाडून खालून मशरूमसारखी टोपी दिसत असेल तर तो थ्रू-हल. तो प्लास्टिकचा आहे की ब्राँझचा हे कडेला रंग जरा खरवडून कळतं. आणि बाहेरून काहीच दिसत नसेल, बूड सपाट असेल, पण आतल्या बाजूला फळी उचलल्यावर एखादी वाटी किंवा गोल पक (जाड, चपटी वडी) फायबरला चिकटवलेला दिसत असेल, तर तो इन-हल. तो फायबरच्या आरपार आवाज सोडतो. छोट्या फायबर बोटींत हा बऱ्याचदा सापडतो, आणि तुमच्या वर्णनावरून मला तुमच्याकडेही तोच असण्याची शक्यता जास्त वाटते.

आता केबलवर हात फिरवत डॅशपर्यंत या. बहुतेक ट्रान्सड्यूसरच्या केबलला प्लगच्या वीतभर अलीकडे एक छोटं लेबल गुंडाळलेलं असतं. डॅशच्या मागे, बांधणीच्या पट्ट्यांमध्ये, कधी रंगाच्या थराखाली ते दडलेलं असतं. ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, त्याने लेबलवरची अक्षरं जातात. आणि तोच ॲसिटोन पुढे ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला लागला तर प्लास्टिक खराब होतं. साबण, पाणी आणि मऊ स्पंज, एवढंच. लेबल सापडलं तर मोबाइलवर उजेडात दोन-तीन कोनांतून फोटो काढा. झिजलेली अक्षरं डोळ्याला दिसत नाहीत ती तिरक्या उजेडात फोटोत दिसतात.

लेबलवर एअरमार हे नाव दिसलं तर चकित होऊ नका. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधली ही कंपनी बऱ्याच मोठ्या ब्रँडसाठी ट्रान्सड्यूसर बनवते. त्यांच्या मॉडेल नंबरातलं पहिलं अक्षर बरंच काही सांगतं: पी असेल तर प्लास्टिक, बी असेल तर ब्राँझ, एसएस म्हणजे स्टेनलेस, टीएम म्हणजे मागच्या फळीवरचा. पी ६६ हा ट्रान्समवरचा, पी ७९ हा आत चिकटवायचा. दोन्ही ५०/२०० किलोहर्ट्झचे, म्हणजे ५० आणि २०० अशा दोन फ्रिक्वेन्सींना वाजणारे, आणि ६०० वॅटचे. फुरुनोचा असेल तर ५२०-५पीएसडी किंवा ५२०-५एमएसडी असं काहीतरी दिसेल. तिथेही पी म्हणजे प्लास्टिक, एम म्हणजे धातू, आणि दोन्ही ५०/२०० चे. फुरुनोचं नाव आपल्या किनाऱ्यावर जुन्या तांडेलांच्या तोंडी सहज असतं. जपानमध्ये नागासाकीत १९४८ साली मासेमारीसाठीचा पहिला व्यवहारात चालणारा फिशफाइंडर त्यांनीच बाजारात आणला, आणि रत्नागिरीकडून आलेल्या बोटीत त्यांचा माल सापडण्याची शक्यता चांगलीच आहे.

लेबल नसेल तर लोक लगेच प्लगकडे बघतात आणि तिथेच फसतात. चार पिनांचा, सहा, आठ किंवा बारा पिनांचा गार्मिनचा, सात पिनांचा निळा किंवा नऊ पिनांचा काळा लॉरन्सचा, दहा पिनांचा फुरुनोचा, अशी ओळख होते हे खरं. पण प्लग तुम्हाला शेवटचा सेट कुठला होता तेवढं सांगतो. ट्रान्सड्यूसरच्या आतली, आवाज काढणारी एकच चकती वेगवेगळ्या ब्रँडच्या प्लगांसह विकली जाते, आणि जुन्या बोटीत मधल्या कुठल्यातरी मालकाने प्लग कापून दुसरा जोडलेला असू शकतो. बाजारात अडॅप्टर केबल मिळतात, त्या पिना जुळवतात. चकतीचा स्वभाव त्या बदलत नाहीत. म्हणून दुकानदाराने "अडॅप्टर आहे, चालेल" म्हटलं तर विचारा, कुठल्या फ्रिक्वेन्सीला चालेल? याचं नेमकं उत्तर मिळालं नाही तर परत या.

जुन्या सेटच्या मॉडेलवरून अंदाज बांधता येतो, पण तोही अंदाजच. स्क्रीन मेली तरी डब्यामागचं लेबल वाचा. सेट ८३/२०० चा असेल तर खालीही तसाच असावा असं मानून पुढे जा, मात्र खात्री करा.

खात्रीचा सगळ्यात चांगला मार्ग चकतीच्या मापातून जातो. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. ट्रान्सड्यूसरच्या आत एक सिरॅमिकची गोल चकती असते. तिला व्होल्टेज दिला की ती आक्रसते-फुगते, आणि आवाजाची लाट तिच्यावर आदळली की उलट व्होल्टेज देते. ही चकती दोन तऱ्हांनी थरथरते: जाडीत आणि व्यासात. जाडी साधारण एक सेंटीमीटर असली की जाडीतली थरथर २०० किलोहर्ट्झच्या आसपास येते. त्याच चकतीचा व्यास चार-साडेचार सेंटीमीटर असेल तर व्यासातली थरथर ५० किलोहर्ट्झच्या जवळ येते. म्हणून ५०/२०० ही जोडी जगभर इतकी पसरली: एकाच चकतीत दोन्ही मिळतात. आता व्यास अडीच सेंटीमीटरच्या आसपास आणला तर जाडीतलं २०० तसंच राहतं आणि व्यासातलं ८० च्या घरात जातं. लॉरन्स आणि हमिनबर्डचे ८३/२०० आणि गार्मिनचे ७७/२०० म्हणजे ही लहान चकती.

म्हणजे तोंडाचा गोल मोजलात तर अर्धी ओळख झाली. बाहेरचं प्लास्टिक चकतीपेक्षा मोठं असतं, तेवढं वजा धरा. अंगठ्याएवढी बारीक जागा असेल तर ५० किलोहर्ट्झ तिच्यातून येणं शक्य नाही. रुंद, जाड पक असेल तर ५०/२०० कडे झुका.

व्यासावरूनच आवाजाच्या झोताचा शंकू किती रुंद हेही कळतं. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला तर २०० किलोहर्ट्झची लाट साडेसात मिलिमीटरची आणि ५० ची ३० मिलिमीटरची. लाटेची लांबी भागिले चकतीचा व्यास, गुणिले साठ, हा शंकूच्या अंशांचा कामचलाऊ हिशोब. साडेचार सेंटीमीटरची चकती २०० वर दहा-बारा अंशांचा अरुंद झोत देते आणि ५० वर चाळीस-पंचेचाळीस अंशांचा रुंद. लहान चकती २०० वर अठरा-वीस अंश देते. वीस मीटर खोलीवर बारा अंशांचा झोत तळाशी सव्वाचार मीटरचं वर्तुळ बघतो, वीस अंशांचा सात मीटरचं, आणि पंचेचाळीस अंशांचा साडेसोळा मीटरचं. मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांच्या खालची खोली किंवा बुडालेल्या झाडांचे शेंडे बघायचे असतील तर अरुंद झोत कामाचा. रुंद झोतात झाड कुठे आहे ते कळतं, नेमकं कुठल्या बाजूला ते कळत नाही.

आता मल्टिमीटर घ्या. प्लग सेटमधून काढलेला हवा. सेट चालू असताना या तारांना हात लावायचा नाही, ६०० वॅटच्या सेटमधून पल्सच्या क्षणी पीक-टू-पीक (लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) हजार व्होल्टच्या घरात जाऊ शकतात. कापलेली केबल असेल तर रंग बघा. एअरमारच्या रंगपद्धतीत निळी आणि काळी चकतीच्या, उघडी तार शील्डची (तारांभोवतीच्या संरक्षक जाळीची), पांढरी आणि तपकिरी तापमानाची, लाल आणि हिरवी वेगाच्या चाकाची, नारिंगी ओळखीच्या चिपची. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असू शकतात, म्हणून रंगावरून फक्त सुरुवात करा, शेवट मोजमापाने करा.

तापमानाचा सेन्सर असेल तर पांढरी-तपकिरी जोडीवर २५ अंशाला १० किलोओहम दिसतात, ३० अंशाला आठच्या आसपास, २० अंशाला साडेबारा. पांढऱ्या-तपकिरीवर काहीच दिसलं नाही तर त्यात तापमान नाही, किंवा तार तुटली आहे. चकतीच्या निळ्या-काळ्या जोडीवर रेझिस्टन्स खुला दिसायला हवा. पण काही मॉडेलांत आत मॅचिंग ट्रान्सफॉर्मर किंवा कॉइल असते, त्यांत काही ओहमच दिसतात. म्हणून कमी ओहम दिसले म्हणून लगेच "शॉर्ट" म्हणून टाकून देऊ नका. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्रान्सड्यूसरवर केबलसह साधारण एक ते तीन नॅनोफॅरड येतात. फक्त काहीशे पिकोफॅरड आले तर ती बहुधा एकट्या केबलची कपॅसिटन्स आहे: चकतीपर्यंत तार पोचतच नाही. असा दोष प्लगमध्ये किंवा मधल्या जोडात असू शकतो, ट्रान्सड्यूसर टाकून देण्याआधी जोड उघडून बघा. शील्ड आणि दोन्ही तारांमध्ये काहीही वाहता कामा नये. वाहत असेल तर केबलमध्ये पाणी शिरलं आहे.

आता खरी परीक्षा. तुम्ही कोल्हापुरात आहात, इथे पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळा आहेत, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे जुने कारागीर आहेत. कोणाकडे तरी फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप मिळेलच. जनरेटरच्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे निळी तार, काळी तार जनरेटरच्या ग्राउंडला. स्कोप निळ्या-काळ्यावर. आता ३० किलोहर्ट्झपासून २५० पर्यंत सावकाश फ्रिक्वेन्सी वाढवा. व्होल्टेज हळूहळू उतरत जाईल, आणि एका जागी अचानक खड्डा पडून लगेच उसळी मारेल. तो खड्डा म्हणजे चकतीचा सूर. ५० ला एक आणि २०० ला एक मिळाला तर उत्तर मिळालं. ८३ ला आणि २०० ला मिळाला तर तेही उत्तर. जुन्या लॉरन्स आणि ईगलच्या एक-फ्रिक्वेन्सी ट्रान्सड्यूसरवर १९२ ला मिळू शकतो. आणि १९२ म्हणजे जवळजवळ २००च, असं समजू नका.

कारण या जुन्या चकत्या फार नेमक्या असतात. अंबाबाईच्या देवळातली घंटा जशी एकाच सुरात लांबवर घुमते आणि दुसरा सूर तिच्याकडून काढता येत नाही, तशा. साधारण २५ चा क्यू (सुराच्या नेमकेपणाचा आकडा) असलेली २०० किलोहर्ट्झची चकती आठेक किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बरी वाजते, म्हणजे १९६ ते २०४. तिला १९२ चा पल्स दिला तर आवाज आत जाताना निम्मा मरतो आणि परतीला पुन्हा मरतो. स्क्रीनवर मासा पुसट दिसतो आणि माणूस सेटला दोष देतो. खड्डा किती अरुंद आहे तेही स्कोपवर बघा: बारीक, खोल खड्डा म्हणजे जुनी अरुंद चकती, पसरट, उथळ खड्डा म्हणजे रुंद पट्ट्याचा, चर्पसाठी (एकाच पल्समध्ये फ्रिक्वेन्सी बदलत नेणाऱ्या पद्धतीसाठी) बनवलेला ट्रान्सड्यूसर. तुमच्या वयाच्या बोटीत पसरट खड्डा मिळाला तर कोणीतरी नंतर चांगला माल बसवला आहे. फायबरला चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरवर खड्डा थोडा बुजतो. तेवढं गृहीत धरा.

आणखी एक साधी गोष्ट. कोणाकडून चालता सेट उसना मिळाला आणि तो त्या फ्रिक्वेन्सीचा असेल, तर ट्रान्सड्यूसर जोडून तोंडाशी कान न्या. टिक-टिक असा बारीक आवाज येतो. ही परीक्षा क्षणभरच करा, कोरड्या हवेत जास्त वेळ पूर्ण ताकदीने चालवू नका.

आता तुमच्या बोटीतला इन-हल असेल तर एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो, कारण यापायी चांगले ट्रान्सड्यूसर भंगारात जाताना मी बघितले आहेत. पी ७९ सारख्या मॉडेलमध्ये खालची कडी फायबरला चिकटवलेली असते आणि वरचा भाग फिरवून बसतो. मधल्या जागेत प्रोपिलिन ग्लायकोल भरायचं असतं. बोट वर्षानुवर्षं पडून राहिली की ते आटतं किंवा झिरपतं, चकती आणि बूड यांच्यात हवा येते, आणि हवेतून हा आवाज जातच नाही. स्क्रीन कोरी. लोक म्हणतात ट्रान्सड्यूसर गेला. झाकण फिरवून आत बघा. कोरडं असेल तर पुन्हा भरा, बुडबुडे नीट जाऊ द्या, आणि मग निर्णय घ्या. सरळ इपॉक्सीत बसवलेला पक असेल तर इपॉक्सी सुटलंय का, कडेला पांढरी पोकळी दिसतेय का ते तपासा. ज्या जागी तो बसला आहे ती जागा फायबरचा भरीव थर हवी. फायबरच्या दोन थरांत फोम किंवा प्लायवुड भरलेलं असेल तर तिथून आवाज जात नाही. मग ट्रान्सड्यूसर किती का चांगला असेना. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकून बघा, भरीव आणि पोकळ यांचा आवाज वेगळा येतो.

धरणाच्या पाण्यासाठी तुम्हाला काय लागतं, ते आता. गोड्या पाण्यात २०० किलोहर्ट्झ फार लांब जातं. खाऱ्या पाण्यात या फ्रिक्वेन्सीचा आवाज मॅग्नेशियम सल्फेटमुळे बराच शोषला जातो, म्हणून खोल समुद्रात मच्छीमार ५० कडे वळतात. राधानगरीच्या भिंतीची उंची ४२ मीटरांच्या आसपास, काळम्मावाडीची ७३ मीटरांच्या आसपास. म्हणजे तुम्हाला इथे मिळणारी कमाल खोली त्याच्या आत. एवढ्या पाण्याला ६०० वॅटचा २०० किलोहर्ट्झ झोत भरपूर आहे. कटला, रोहू, चिलापी यांच्या थव्यांसाठीही २०० च जास्त स्वच्छ दिसतं. जुन्या ट्रान्सड्यूसरची ५० ची बाजू मेली असली आणि २०० ची जिवंत असली, तर इथे तो अजून कामाचा आहे. समुद्रावर मी हे म्हटलं नसतं.

सेट निवडताना म्हणून बघायचं ते असं: त्याच्या मेनूमध्ये तुमच्या ट्रान्सड्यूसरची जोडी निवडता येते का, ५०/२०० किंवा ८३/२०० किंवा ७७/२००. वॅट जुळतात का. जाहिरातीत ४००० वॅट लिहिलेलं असेल तर ते पीक-टू-पीक असतं, खरे आरएमएस, म्हणजे सरासरी, वॅट ५०० च, भागिले आठ. ६०० वॅटच्या ट्रान्सड्यूसरवर १ किलोवॅटचा सेट पूर्ण ताकदीने लावू नका. उलट, मोठा ट्रान्सड्यूसर आणि लहान सेट असेल तर नुकसान काही नाही. तापमानाचा सेन्सर जुळला नाही तर पाण्याचं तापमान दिसणार नाही, खोलीचं काही अडत नाही.

आणि साइड इमेजिंग, डाउन इमेजिंगचं, म्हणजे बाजूच्या आणि खालच्या फोटोसारख्या चित्राचं, आकर्षण असेल तर स्पष्ट सांगतो: ते चित्र ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या लांबट चकत्यांतून येतं. तुमची जुनी गोल चकती ते देऊ शकत नाही, आणि फायबरच्या आतून ते जात नाही. चर्पचंही तसंच: सेट चर्पचा असला तरी जुन्या चकतीवर तो साध्या पल्सवरच चालवा. तळातलं झाडझाडोरा आणि बुडालेल्या जुन्या भिंती फोटोसारख्या बघणं हा तुमचा मुख्य उद्देश असेल, तर जुन्या ट्रान्सड्यूसरचा मोह सोडा आणि सेटबरोबर येणारा इमेजिंगचा ट्रान्सम माउंट लावा. फक्त खोली, तळ आणि थवा हवा असेल तर जुना ठेवा. दोन्ही हवं असेल तर दोन ट्रान्सड्यूसरही चालतात, एकाच वेळी एकच २०० वर ठेवा म्हणजे एकमेकांच्या आवाजाचे ठिपके स्क्रीनवर येणार नाहीत.

बदलायचंच ठरलं तर बूड कापायची घाई नको. मागच्या फळीवर ब्रॅकेट लावा. स्टेनलेसचा ब्रॅकेट उद्यमनगरात तुमच्या मापाने दिवसभरात बनतो, आणि तो दोन स्क्रूंवर बसतो. इंजिनच्या पंख्यापासून जमेल तेवढा लांब, आणि फेस न होणाऱ्या बाजूला. जुना थ्रू-हल काढला तर राहिलेलं भोक, बहुतेक वेळा ५१ मिलिमीटरचं, त्याच मापाच्या नव्या थ्रू-हलने भरणं सगळ्यात चांगलं. फायबरने बुजवायचं असेल तर बुडाच्या जाडीच्या बारा पट उताराने कड घासून थरावर थर चढवावे लागतात. सहा मिलिमीटरच्या बुडाला चारी बाजूंनी सात-साडेसात सेंटीमीटर. नुसती पुटी भरून रंग मारला तर ते भोक एक दिवस पाण्यात उघडं पडेल. ब्राँझचा थ्रू-हल फायबरला चालतो, ॲल्युमिनियमच्या बोटीला कधीच नाही, तिथे गंज खाऊन बूडच जातं. लाकडी होडीत प्लास्टिकचा थ्रू-हल नको, लाकूड फुगलं की तो फुटतो.

जुनाच ठेवायचा असेल तर केबल कमी करून मध्येच कापू नका. आधीच कापलेली असेल तर जोड पाणीबंद डब्यात करा, शील्ड दोन्ही बाजूंनी सलग ठेवा, आणि ती केबल इंजिनच्या तारांपासून दूर न्या. बॅटरीतून वेगळ्या फ्यूजवर वीज घ्या. स्क्रीनवरच्या बऱ्याच रेघा इथूनच येतात.

पाण्यात उतरल्यावर एक शेवटचं काम करा. सेटमध्ये पाणी "गोडं" निवडा. आवाजाचा वेग गोड्या आणि उष्ण समुद्राच्या पाण्यात दोन-तीन टक्क्यांनी वेगळा असतो. बोट स्थिर उभी करून वजनाला दोरी बांधून खोली मोजा आणि ती स्क्रीनशी ताडून बघा. पाण्याच्या पृष्ठभागापासून ट्रान्सड्यूसर जेवढा खाली असेल तेवढा फरक सेटच्या कील ऑफसेटमध्ये (खोलीच्या दुरुस्तीच्या मेनूत) भरा. दोन-तीन वेगवेगळ्या खोल्यांवर आकडे जुळले तर जुना ट्रान्सड्यूसर कामाचा आहे. खोली वाढताच आकडा हरवू लागला आणि २०० वरसुद्धा पंधरा-वीस मीटरच्या पुढे तळ पुसट झाला, तर चकती थकली आहे किंवा चिकटवलेली जागा सुटली आहे. त्या परिस्थितीत बदला. लेबल, प्लग, तारांचे रंग आणि मीटरवरचे आकडे टिपून घ्या, आणि ते घेऊनच दुकानात जा.